आगटेकाकांचं बेट

आगटेकाका दर ऑगस्टमध्ये नेमके कुठे जातात, हा इंगोलश्टाटच्या मराठी मंडळापुढचा कायमचा प्रश्न होता. गणपतीची मूर्ती कुठून आणायची, हॉल कोणता घ्यायचा, पोळ्या कोण लाटणार, हे प्रश्न दरवर्षी यायचे आणि दरवर्षी भांडणं होऊन का होईना, सुटायचे. हा काही सुटत नव्हता. काका आणि काकू ग्रीसमधल्या कुठल्याशा बेटावर जातात एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. सप्टेंबरात काका तव्याच्या बुडासारखे काळे होऊन परत यायचे आणि मंडळाला ऑलिव्हची एक मोठी बरणी भेट द्यायचे. बरणीवरचं लेबल तेवढं नखाने खरवडून काढलेलं असायचं.

कोणी बेटाचं नाव विचारलं तर काका अजिबात आढेवेढे घेत नसत. लगेच सांगत. फक्त प्रत्येकाला वेगळं सांगत. एका वर्षी दोन कुटुंबं सुट्टीवरून परतताना म्युनिकच्या ट्रेनमध्ये समोरासमोर आली, आणि दोघंही काकांच्या सांगण्यावरून 'त्या' बेटावर जाऊन आल्याचं उघडकीला आलं. एका बेटावर रात्रभर फेसात नाचणारी पोरं होती. दुसऱ्यावर गावात जायला गाढवाची वाट आणि नुसत्या पायऱ्याच पायऱ्या, आणि बरोबर गुडघ्याने बेजार सासू-सासरे. दोघांनी मिळून काकांना जाब विचारला. काकांनी चष्मा पुसला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "तो भूकंपाचा पट्टा आहे रे. बेटं जराशी इकडची तिकडे होतात."

मी काकांच्याच डिपार्टमेंटमध्ये होते. गाड्यांच्या कारखान्याला आतले भाग पुरवणारी आमची कंपनी, आणि आमचं काम गाडीतले नको ते आवाज शोधायचं. नवी कोरी गाडी, पण खड्ड्यातून गेली की कुठून तरी कुरकुरते. ती कुरकूर नेमकी कुठून येते हे शोधून काढायचं. त्यासाठी आमच्याकडे महागडे मायक्रोफोन होते, आलेख काढणारी यंत्रं होती आणि आगटेकाका होते. यंत्रं दमली की काकांना बोलावत. काका बूट काढून मागच्या सीटवर मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे आणि मला म्हणायचे, "चल मुग्धा, दगडावरून घे." दगडी फरशीच्या टेस्ट ट्रॅकवरून गाडी खडखडत गेली की काका डोळे न उघडताच बोट दाखवायचे. तिथे हमखास एखादी क्लिप सैल निघायची.

आवाजांना त्यांनी नावं ठेवली होती. सतत बारीक चालू असणारी कुरकूर म्हणजे सासू. महिन्यातून एकदा उगवणारी खडखड म्हणजे भाडेकरू. उन्हात गाडी तापली की सुरू होणारी चिकचिक म्हणजे जाऊ. ही नावं त्यांनी जर्मन सहकाऱ्यांनाही भाषांतर करून दिली होती. आमचा बव्हेरियन बॉस, ज्याला मी सहा महिन्यांत हसताना पाहिलं नव्हतं, त्याने एकदा ग्राहकांसमोर भर मीटिंगमध्ये विचारलं, "हेर आगटे, उजव्या मागच्या दारातली सासू गेली का?" काका म्हणाले, "गेनाऊ, अगदी. तिला फोम लावून बसवलं आहे."

हे कान ऑफिस सुटलं तरी बंद होत नसत. कोणाकडे जेवायला गेले की वरण-भात कालवता कालवता ते मध्येच उठायचे आणि फ्रिजच्या पायाखाली कागदी रुमालाची घडी सरकवून परत येऊन बसायचे. यजमानांना कळायचंही नाही, फक्त दुसऱ्या दिवशी वाटायचं, घर कसं शांत शांत वाटतंय. माणसांच्या बाबतीतही तेच. मी एकदा नवऱ्याशी भांडून ऑफिसला गेले होते. "गूटन मॉर्गन काका," एवढंच म्हटलं. काका मॉनिटरवरून नजर न काढता म्हणाले, "स्क्रू सैल आहे आज. फिल्टर कॉफी पाजू का?"

आता अशा माणसाचं लग्न कोणाशी व्हावं? शैलाकाकूंशी.

शैलाकाकू म्हणजे आमच्या मंडळाचं मुख्य कार्यालय. नवीन लग्न होऊन आलेली मुलगी आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, कुठे करायची इथपासून इथल्या कणकेच्या पोळ्या कडक का होतात इथपर्यंत सगळं काकूंना विचारायची. कोणाला दिवस गेले की नवऱ्याच्या आधी काकूंना कळायचं. बाळ झालं की काकू डिंकाचे लाडू घेऊन हजर. कोणाचे सासू-सासरे व्हिसावर आले आणि पंधरा दिवसांत बिनसलं, की सासूही काकूंकडे आणि सूनही काकूंकडे, वेगवेगळ्या खोल्यांत, आणि काकू चहाचा ट्रे घेऊन मधल्या पॅसेजमध्ये वकिली करत. त्यांचा फोन कधी टेबलावर पडलेला मी पाहिला नाही. तो एकतर कानाशी असायचा नाहीतर खांदा आणि गाल यांच्यामध्ये.

त्या घरात काकाच पाहुण्यासारखे वाटायचे. दार उघडायचे, आलेल्यांचे बूट ओळीत लावायचे, आलं घालून चहा टाकायचे आणि तो सगळ्यांना देऊन बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. त्यांच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर फ्राउ ओबरमायर राहायची. जर्मनीत रविवारी आवाज करायचा नसतो. भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी घड्याळ दाखवतात. आणि आमची लेझीम पथकाची तालीम रविवारी दुपारीच चालायची, काकूंच्या केलरमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या तळघरात. तळघरातली लेझीम वर कशी ऐकू जाते याचा काकांनी अभ्यास केला होता. ते म्हणायचे, "पाण्याच्या पाइपातून चढते. तिसऱ्या मजल्यावर सगळ्यात सुंदर ऐकू येते."

तिसऱ्या मजल्यावर फ्राउ ओबरमायरच राहायची. एका रविवारी ती तक्रारीचा कागद लिहून, शेजाऱ्यांच्या सह्यांसाठी जागा सोडून, थेट काकांच्या दारात आली. आम्ही सगळ्या आत जीव मुठीत धरून उभ्या. काकांनी दार उघडलं, कागद शांतपणे वाचला, एके ठिकाणी तिचं व्याकरण सुधारलं आणि म्हणाले, "अगदी बरोबर आहे तुमचं. मी हे तीस वर्षं सोसतोय. पेन आहे?" आणि पहिली सही त्यांनी केली. स्वतःच्या बायकोविरुद्धच्या तक्रारीवर सही करणारा नवरा तिने आधी कधी पाहिला नसावा. तिने कागदाची घडी केली, आत आली, चहा प्यायली, आणि पुढच्या रविवारी प्लमचा केक घेऊन तालीम बघायला तळघरात उतरली. दोन वर्षांनी ती गणपतीच्या मिरवणुकीत पुढून तिसरी होती, आणि काकांच्या मते पथकात तालाची फक्त तीच पक्की होती.

पण बेटाबद्दल. कोणाला खरंच चिकाटी असली आणि त्याने नावाच्या पलीकडे चौकशी केली, तर काका आनंदाने वर्णन करायचे. मंडळाचा अध्यक्ष मिलिंद याने केलेली चौकशी मी स्वतः ऐकली आहे. मिलिंद म्युनिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि कुठलीही गोष्ट चाळीस माणसं जमवल्याशिवाय करायची नाही असा त्याचा स्वभाव होता. त्याला घरी डोसे करायचे असले तरी तो ग्रुपवर टाकायचा.

"काका, तिकडे बघण्यासारखं काय आहे?"

"काही नाही."

"म्हणजे, रुइन्स, म्युझियम, काहीतरी असेल ना?"

"एक चर्च आहे. कुलूप असतं."

"मग बीच?"

"दगडगोटे आहेत. पायाला टोचतात."

"शॉपिंग?"

"एक दुकान. त्याची मालकीण झोपली की बंद."

"बरं, व्हेज खायला?"

"टोमॅटो."

"वायफाय?"

काका नुसतेच हसले. मिलिंद घायकुतीला येऊन म्हणाला, "अहो, मग तुम्ही दोघं तिथे दोन आठवडे करता काय?"

"काही नाही रे," काका म्हणाले, आणि चेहरा असा केला, की जणू समोर कोणी श्रीखंडाची वाटी ठेवली आहे.

त्यांचं म्हणणं असं, की कुठलीही जागा बिघडायला हॉटेलं लागत नाहीत की विमानतळ लागत नाही. एका मराठी माणसाने तिथे उभं राहून कमरेवर हात ठेवून 'इथे एकदा सगळ्यांनी यायला पाहिजे' असं म्हटलं, की ती जागा संपली. मी म्हटलं, "काका, हे फारच झालं." तर म्हणाले, "मी स्वतः म्हटलंय ना. महाबळेश्वरला. बघ काय झालं."

हे सगळं थट्टेचं वाटायचं आणि बरंचसं थट्टेचंच होतं. पण एका शुक्रवारी दुपारी, त्यांचा उरलाउब, म्हणजे वार्षिक सुट्टी, सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, आम्ही ट्रॅकवर एक हट्टी गाडी घेऊन फिरत होतो. मी चालवत होते, काका मागे मांडी घालून. भाडेकरू काही केल्या सापडत नव्हता. मी सहज म्हटलं, "काका, मला तरी खरं नाव सांगा. मी नाही कोणाला सांगणार."

"नाव सांगून काय करशील? तिथे फोनला रेंज येत नाही, एवढं लक्षात ठेव. म्हणूनच तर जातो."

"तुम्हाला इतका त्रास होतो फोनचा?"

"मला कशाला त्रास? मला कोण करतंय फोन!" असं म्हणून त्यांनी मांडी मोडली. मग आरशातून दिसेल असे पुढे सरकले. "अगं, शैला माझ्या वाट्याला येतेच किती? सकाळी तिला कोणाचं तरी बाळ रडतंय म्हणून फोन. संध्याकाळी कोणाच्या तरी आईचा व्हिसा. मला तक्रार नाही हां. ती करते ते चांगलंच करते, मी बूट लावतो. पण तिथे गेलं की पहिले दोन दिवस ती नुसती तडफडते. फोन वर धरून टेकडीवर चढते, शेळ्यांशी बोलते, त्या दुकानवालीशी मराठीत बोलते. तिसऱ्या दिवशी बोलायला फक्त मी उरतो. मग ती माझ्याशी बोलते. मुग्धा, ती इतकी छान बोलते गं! आणि मला ते वर्षातून दोन आठवडे ऐकायला मिळतं."

मला हसू आलं. मी विचारलं, "आणि काकूंना? त्यांना आवडतं तिथे?"

काकांनी पुन्हा डोळे मिटले. "ते मी विचारलेलं नाही. तिला माणसं लागतात, मी तिला ओढून नेतो दगडगोट्यांत. बिचारी येते माझ्यासाठी. विचारलं आणि खरं उत्तर आलं तर काय करू? त्यापेक्षा नको. थांब, थांब! डावीकडे. सनरूफच्या कडेला आहे तुझा भाडेकरू." आणि खरोखरच तिथे होता.

पुढच्या वर्षी काकांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. वाढदिवस नेमका ऑगस्टात, म्हणजे काका बेटावर असताना. मिलिंदने मार्चमध्येच काका-काकूंना वगळून वेगळा ग्रुप काढला आणि त्यावर जाहीर केलं: काका आपल्याकडे येत नाहीत ना, मग आपण काकांकडे जायचं. बेटावर त्यांची साठीशांत करायची. सरप्राइज! पुढच्या तासाभरात ग्रुपवर इतके टाळ्यांचे हात आले, की माझा फोन गरम झाला. श्रेयस म्हणून एक मुलगा होता, दिवसा सॉफ्टवेअर टेस्टर आणि शनिवार-रविवार मंडळाचा गुरुजी. त्याने टॅब्लेटवर साठीशांतीची पोथी उतरवून घेतली. समिधा, तूप, पाट, प्रेशर कुकर, पुरणयंत्र, कोण काय आणणार ते ठरलं. फक्त एकच गोष्ट ठरायची राहिली होती. बेट.

मिलिंदने आधी काकूंना गाठलं. काकू म्हणाल्या, "अय्या, मला कुठे नाव आठवतं! हे उतर म्हणाले की मी उतरते." ज्या बाईला मंडळातल्या झाडून सगळ्या बाळांचं जन्माचं वजन पाठ, तिला बेटाचं नाव आठवू नये, याचं मिलिंदला काहीच वाटलं नाही. मग त्याने काकांना जेवायला नेलं, त्यांच्या आवडीच्या ठिकाणी, आणि गळ घातली. म्हणाला, आईला शांत जागी न्यायचंय, फक्त मी आणि ती, तिचीच शपथ. काका बराच वेळ काचेबाहेर बघत बसले. मग इकडे तिकडे पाहून, मिलिंदच्या कानाशी जाऊन त्यांनी नाव सांगितलं आणि म्हणाले, "आजवर कोणाला सांगितलं नाही. तुलाच सांगतोय. कोणाला बोलू नकोस." मिलिंद म्हणाला, "काका, असं कसं बोलेन!" आणि ट्राममध्ये बसायच्या आत त्याने ग्रुपवर टाकलं.

मला राहवेना. सरप्राइज फोडायचं नाही अशी शपथ ग्रुपवर मीही घेतली होती, त्यामुळे सरळ सांगता येत नव्हतं. कॉफी मशीनपाशी काकांना म्हटलं, "काका, यंदा दुसरीकडे कुठे जा ना. बदल म्हणून." काकांनी कपात साखर ढवळत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मिलिंदचा आवाज काल चार ठिकाणी सैल वाजत होता. तुझा दोनच ठिकाणी वाजतोय. चांगली मुलगी आहेस." आणि शीळ घालत निघून गेले. त्यांना कळलं आहे हे मला कळलं, पण त्यांनी नक्की काय केलं आहे ते कळेना.

अखेर आम्ही निघालो, आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत. म्युनिकच्या विमानतळावर सिक्युरिटीवाल्याने समिधांची जुडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ही काय लाकडं? मिलिंद म्हणाला, गेबुर्ट्‌सटाग, वाढदिवस आहे. त्या माणसाला त्यातून काय अर्थ लागला कोण जाणे, पण त्याने शुभेच्छा दिल्या. अथेन्सला पोचलो तर वाऱ्यामुळे बोटी बंद. उन्हाळ्यात तिकडे असा वारा सुटतो, की दोन-दोन दिवस बंदरातून काही हलत नाही. ज्यांना आधीच जायचं होतं ते सगळे अडकून पडले होते. वारा पडल्यावर जी पहिली बोट सुटली, तिच्यात सगळ्या बेटांचा माल, ट्रक, शेळ्या, ग्रीक आज्या आणि आमचं मंडळ, असे सगळे कोंबून निघालो.

बोटीवर आम्ही मधला डेक काबीज केला. चिवड्याचे डबे उघडले. अंताक्षरी झाली. मिलिंदची लेक इरा "मिया इस्ट लांगवायलिग, मिया इस्ट लांगवायलिग," म्हणून कंटाळ्याची भुणभुण करत होती, तिला लेझीम दिली. मग मिलिंदने मानपत्राची तालीम केली. एरवी मिलिंदचं भाषण म्हणजे आम्ही पाणी प्यायला उठतो. पण हे त्याने मनापासून लिहिलं होतं. मिलिंदचे वडील गेले तेव्हा त्याला लगेच तिकीट मिळत नव्हतं. त्या वेळी काका त्याच्या घरी येऊन एक शब्द न बोलता त्याच्याशेजारी सोफ्यावर बसून राहिले होते, सकाळपर्यंत. ते सांगताना मिलिंदचा आवाज फुटला. चिवडा खाणारे हात थांबले. वाऱ्यामुळे मागच्यांना ऐकू जाईना म्हणून तो मोठ्याने वाचत होता, अख्ख्या बोटीला ऐकू जाईल असा.

पुढे बेटावर जे झालं ते आधी सांगून टाकते. काका तिथे नव्हते. आम्ही दुकानात विचारलं, चर्चमध्ये विचारलं, मिलिंदने काकांचा फोटो दाखवत अख्खं गाव पालथं घातलं. भारतीय माणूस त्यांनी आमच्या आधी पाहिलाच नव्हता. होम करावा म्हटलं तर बंदराचा पोलीस धावत आला. वणव्यांच्या भीतीने उन्हाळ्यात उघड्यावर काडीसुद्धा पेटवायची नाही. पण पुरण शिजलेलं होतं आणि मिलिंद हार मानणारा नव्हता. श्रेयस गुरुजींनी टॅब्लेटवर बोट फिरवून सांगितलं, यजमान गैरहजर असतील तर सुपारी मांडली की चालतं. म्हणून पाटावर दोन सुपाऱ्या ठेवल्या, एक काका, एक काकू. त्यांना हार घातला. साठ दिव्यांनी ओवाळायचं, तर आम्ही मोबाइलचे टॉर्च लावून ओवाळलं. मानपत्र सुपारीला अर्पण केलं. खानावळवाली बाई लांबून बघत होती. ती हळूच येऊन मला विचारून गेली, गृहस्थ कधी वारले? दुसऱ्या दिवशी तिने साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाची परात पाठवली. ते त्यांच्याकडे मेलेल्या माणसासाठी करतात हे नंतर कळलं. खिरीसारखे लागत होते, सगळ्यांनी दोनदा घेतले.

सप्टेंबरात काका नेहमीसारखे काळे होऊन परत आले. मिलिंदने हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "तुम्ही आलात? सगळे? अरे, आम्ही यंदा आयत्या वेळी बेत बदलला! मला आधी एका शब्दाने सांगायचं नाही का?" ते इतक्या कळवळ्याने म्हणाले, की शेवटी मिलिंदनेच माफी मागितली. मग त्याने काकांच्या नावाची ती सुपारी प्रसाद म्हणून त्यांच्या हातावर ठेवली. काकांनी ती कपाळाला लावली आणि जेवण झाल्यावर अडकित्त्याने कातरून खाल्ली.

त्यानंतर एक-दोन वर्षांत ते रिटायर झाले. आता दोघं साताऱ्याला असतात आणि मंडळातली निम्मी माणसं इतर गावांत पांगली, त्यामुळे उरलेलं सांगायला हरकत नाही. मिलिंदने वाचलं तर वाचू दे.

बोट आमच्या बेटाला लागली तेव्हा सगळे धबाधबा उतरले. मिलिंद माणसं मोजत होता, कोणी कुकर शोधत होतं. मी धक्क्यावर पाट सांभाळत उभी होते आणि उगाच वर पाहिलं. बोट तिथे संपत नव्हती. पुढे आणखी एका लहान बेटावर जाणार होती. वरचा डेक रिकामा झाला होता, आणि आमच्या डेकच्या बरोबर वर कठड्याला टेकून आगटेकाका उभे होते.

प्रवासभर तिथेच असणार ते. चिवड्यापासून मानपत्रापर्यंत सगळं त्यांनी ऐकलं असणार. ते कान काय सोडतात! हसत असतील असं मला वाटलं, पण ते हसत नव्हते. ते रुमालाने डोळे पुसत होते, मग नाक, मग परत डोळे. खाली मिलिंद घामाघूम होऊन समिधांची जुडी डोक्यावर धरून "सगळे आले का रे?" म्हणून ओरडत होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, रुमाल खिशात कोंबला, पिशवी उचलली आणि जिन्याकडे निघाले. ते उतरणार होते. आमच्यात येणार, पाटावर बसणार, आणि शांत बेटाचा कारभार आज संपणार, हे मला स्वच्छ दिसलं. मला वाईट वाटलं, इतकं की मी हातातला पाट खाली ठेवला.

तेवढ्यात काकू मागून आल्या. मला वाटलं, आता या काकांच्याही पुढे पळत उतरतील. खाली त्यांची सगळी माणसं होती, कडेवरची पोरंही त्यांनीच न्हाऊ-माखू घातलेली. काकूंनी काकांच्या शर्टाची कॉलर मागून धरली, घट्ट. काकांनी वळून आमच्याकडे हात केला, काहीतरी बोलले. काकूंनी मान हलवली, नाही. काका आणखी काही बोलले. काकूंनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली, त्यांना ओढत नेऊन बाकावर बसवलं आणि नेमकं तेव्हाच त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे असे वटारले, की माझी जीभ जागच्या जागी राहिली.

मग त्या काकांशेजारी बसल्या. धक्क्याकडे, कुकरकडे, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून. बोटीचा दरवाजा वर गेला, भोंगा झाला, बोट वळायला लागली, तरी त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. हात हलवून हलवून काका त्यांना काहीतरी विचारत असावेत, आणि काकू बोलत होत्या, लांबलचक, अखंड, फक्त काकांशी. काका आमच्या धक्क्याकडे बघतही नव्हते. ते काकूंकडे बघत होते, लग्न ठरल्याचं नुकतंच कळलेल्या मुलासारखे.